वाळवणाचा रस्ता

गोदाई सोसायटीतल्या बायकांचं एक ठाम मत होतं, की कुरडया वाळवायला त्यांच्यासारखी जागा अख्ख्या नाशकात कुणाकडे नाही. मखमलाबाद नाक्याच्या पुढे मळे मोडून प्लॉट पडले, त्यावर ही सोसायटी उभी राहिली होती. बँकेतले कारकून, शाळामास्तर, एसटीच्या ऑफिसातली माणसं. सोसायटीच्या पाठीमागून, यशोदाबाईंच्या घराला खेटून, मुरमाचा एक रुंद पट्टा पाटाच्या दिशेनं गेला होता. नकाशावर तो रस्ता होता. जमिनीवर मात्र चैत्र लागला की त्याच्यावर जुनी धोतरं अंथरली जायची आणि कुरडया, पापड, सांडगे उन्हात पडायचे. रस्ता कुणी केला नाही म्हणून तो आपलाच, असं हळूहळू सगळ्यांना वाटायला लागलं. फुकटचं आपलं वाटायला फार दिवस लागत नाहीत.

पट्टा जरासा वळून जिथे संपायचा तिथे सोसायटीनं दगडी भिंत घातली होती, आणि त्या भिंतीला एक खिंडार होतं. खिंडाराच्या पलीकडे पाटाकडची वस्ती. निळा झेंडा, पत्र्याचं विहार, दाटीनं उभी घरं. हमाल, गवंड्याच्या हाताखालच्या बाया, शाळेच्या पोरी, सगळे सकाळी त्या खिंडारातून येऊन पट्ट्यावरून नाक्याला जायचे. ही वाट नसेल तर नाल्याच्या कडेनं पार पाटाच्या पुलाला वळसा. पावसाळ्यात नाला भरला की तोही बंद. वस्तीत नळ नव्हता. रस्ता झाला तर त्याच्या कडेनं पाण्याची लाईन येईल, असं त्यांना महापालिकेतून सांगितलं होतं. म्हणजे सोसायटीला तो पट्टा वाळवणाचा होता आणि वस्तीला पाण्याचा.

महानगरपालिका होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. जुने नकाशे बाहेर काढून कुठले रस्ते करायचे आणि कुठले सोडून द्यायचे, याचा निकाल लावणं चाललं होतं. सोसायटीनं अर्ज दिला, की हा रस्ता कुणीच वापरत नाही, सबब तो रद्द करावा. अर्ज रंगनाथरावांनी लिहिला. ते यशोदाबाईंचे यजमान, सहकारी बँकेत हेडक्लार्क आणि सोसायटीचे सेक्रेटरी. रस्ता रद्द झाला की पट्टा लगतच्या घरांना मिळणार हे ठरल्यात जमा होतं, आणि सगळ्यात लांब बाजू त्यांच्याच घराची होती. बैठकीत जी कारणं निघाली ती अशी, की गाड्या वाढतील, चोऱ्या होतील, मुलांना खेळायला जागा उरणार नाही. खरं कारण कुणी काढलं नाही. ते प्रत्येकाला ठाऊक होतं, मग काढायचं कशाला?

अर्जाला उत्तर आलं, की नगररचना खात्याचे साहेब मंगळवारी सकाळी येऊन स्वतः बघतील. रहदारी आहे की नाही ते बसून पाहतील. रंगनाथरावांचं धाबं दणाणलं. सकाळी बसले तर साहेबांना अर्धी वस्ती डोळ्यांसमोरून जाताना दिसणार. खिंडार एका दिवसात बुजवावं तर बोंब होणार. चहा पिता पिता ते हे सगळं बायकोपुढे बोलले, आणि यशोदाबाई सहज म्हणाल्या, "वाळवण घालू की. अन्नावर कोण पाय देतंय?"

रंगनाथराव कप हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिले. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली होती, पण नवऱ्यानं इतक्या कौतुकानं बघितल्याचं यशोदाबाईंना आठवत नव्हतं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सोसायटीभर झाली. समोरच्या लताबाई तर म्हणाल्या, की वहिनी, तुम्हीच सेक्रेटरी व्हायला हव्या होत्या. यशोदाबाई लाजल्या आणि मनातून फुलल्या. आपण काय करतोय हे त्यांना कळत नव्हतं, असं मात्र कुणी म्हणू नये. माहेर देवळ्याकडचं, बालपण कांद्याच्या चाळीत आणि विहिरीच्या वाटेवर गेलेलं. दुरून पाणी आणलेल्या बाईला असलं कळतं.

वाळवण राखायला दरसाल पुतळाबाई यायची. वस्तीतलीच. वयानं यशोदाबाईंपेक्षा मोठी, अंगानं वाळकी, आवाज मात्र खणखणीत. काठीच्या टोकाला फडकं बांधून ती लिंबाच्या सावलीत बसायची आणि कावळ्यांना, शेळ्यांना, सोसायटीतल्या पोरांना एकाच सुरात हाकलायची. गरम चिकाचा पहिला घाणा उतरला की तिला वाटीभर मिळायचा, आणि वाळवण झालं की कुरडयांचा एक डबा. तिची वाटी वेगळी होती. जर्मनची, मागच्या भिंतीच्या कोनाड्यात पालथी ठेवलेली. चीक घाटायला बायका कमी पडल्या तरी तिला कधी आत बोलावलं गेलं नव्हतं. यशोदाबाई स्वतःला मायाळू समजायच्या, कारण वाटी भरताना त्या हात आखडता घेत नसत.

मंगळवारी पहाटेपासून सोसायटीतल्या प्रत्येक घरात गव्हाचा चीक शिजत होता. दिवस वर यायच्या आत बायकांनी सोऱ्यानं कुरडया घालून अख्खा पट्टा पांढरा केला. एरवी दरसाल एका कडेनं माणूस जाईल एवढी वाट सोडायचा रिवाज होता. त्या दिवशी ती सोडली नाही. व्हरांड्यापासून भिंतीपर्यंत, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत पाऊल ठेवायला जागा नव्हती.

पुतळाबाई काठी घेऊन खिंडारातून आली आणि थबकली. यशोदाबाई तिथेच शेवटच्या कुरडया घालत होत्या.

"बाई, वाट नाय ठेवली?"

"यंदा चीक जास्त झाला गं," यशोदाबाई म्हणाल्या.

पुतळाबाईनं मान डोलावली. बाईंनी सांगितलं म्हणजे तसंच असणार. ती भिंतीच्या कडेनं, काटेरी तारेला लुगडं लागू न देता, सरकत सरकत खिंडाराजवळच्या लिंबाखाली जाऊन बसली. साहेब येणार आहेत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

साहेब आले. पोटाचा विकार असावा असा चेहरा, बोलणं कमी. पट्ट्याच्या तोंडाशी उभे राहून त्यांनी कुरडयांकडे पाहिलं आणि पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं. रंगनाथरावांनी लगबगीनं व्हरांड्यात खुर्ची मांडली. साहेब बसले. तिथून वळणापर्यंतचा पट्टा दिसत होता. पुढचा भाग आणि खिंडार लिंबाआड जात होतं. चहा झाला, पोहे झाले, पुन्हा चहा झाला. साहेबांचं लक्ष पट्ट्यावर होतं आणि पट्ट्यावर चिटपाखरू नव्हतं.

यशोदाबाई राहिलेला चीक घेऊन गच्चीवर गेल्या होत्या. गच्चीवरून खिंडार स्वच्छ दिसत होतं.

आधी दोन हमाल आले. पांढरा पट्टा बघून थांबले. पुतळाबाईनं हात वर करून काहीतरी सांगितलं, तसे आल्या पावली परतले. मग डोक्यावर घमेली घेतलेल्या बाया आल्या. त्यांतल्या एकीनं चपला काढून हातात घेतल्या, पाय कुठे टाकता येईल ते पाहिलं, आणि परत घालून मागे वळली. मग एक म्हातारा. मग सायकलवाला. एकानंही हुज्जत घातली नाही, एकानंही कुरडईवर पाऊल ठेवलं नाही. शेवटी पुतळाबाईची नात मैना दप्तर घेऊन धावत आली. तिची वार्षिक परीक्षा चालू होती. ती टाचा उंचावून धोतरांच्या फटीतून जायला बघत होती, तोच पुतळाबाईचा आवाज गच्चीपर्यंत आला. "अन्न हाय ते, मैने. पाय लागंल. पुलावरून जा." पोरगी क्षणभर घुटमळली आणि नाल्याकडे पळत सुटली.

सोऱ्या हातात धरून यशोदाबाई उभ्या होत्या. खाली जाऊन साहेबांना एवढंच सांगायचं होतं, की जरा वर या, इथून बघा. जिना सगळा दहा-बारा पायऱ्यांचा. त्यांना लाज वाटली. पण लाज वाटली म्हणजे माणूस काही करतोच असं नाही. त्यांनी उरलेला चीक सोऱ्यात भरला आणि कुरडया घातल्या. त्या नीट गोल आल्या नाहीत.

दुपारी साहेब उठले. सकाळभरात एकही माणूस या वाटेनं गेला नाही, अशी नोंद त्यांनी करून घेतली. निघताना कुरडया चांगल्या झाल्यात असंही म्हणाले. रंगनाथराव फाटकापर्यंत पोचवायला गेले आणि येताना गुणगुणत आले.

सुनावणी पुढच्या आठवड्यात महापालिकेच्या एका लांबोळक्या खोलीत झाली. एका बाजूला सोसायटीची माणसं, इस्त्रीच्या कपड्यांत, बायकांसकट. दुसऱ्या बाजूला वस्तीतले चौघे-पाचजण. त्यांच्या वतीनं सहादू बोलणार होता. तो गोदामात हमाली करायचा आणि वस्तीच्या पंचात होता. त्यानं सरळ सांगितलं, की रोज सकाळ-संध्याकाळ आम्ही याच वाटेनं जातो, पाणीसुद्धा नाक्यावरच्या नळावरून याच वाटेनं आणतो. साहेबांनी कागद वर केला आणि विचारलं, की मग मी सकाळभर बसलो तेव्हा तुम्ही सगळे कुठे होता?

सहादूनं पुतळाबाईला पुढे केलं. ती पदर सावरून उभी राहिली. इतक्या खुर्च्यांसमोर ती पहिल्यांदाच उभी राहत असावी, पण आवाज तसाच खणखणीत होता.

"त्या दिशी मीच कोणाला जाऊ दिलं नाय, साहेब. वाळवण व्हतं. अन्नावर पाय पडला असता."

सोसायटीच्या बाजूनं कुणीतरी हसू दाबलं. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "वाळवण दरवर्षी असतं ना? मग दरवर्षी तुमची माणसं कशी जातात? वाट सोडत नाहीत का?"

पुतळाबाईनं मान वळवली आणि यशोदाबाईंकडे पाहिलं. मंगळवारी साहेब आले होते, हे तिला आता कळलेलं होतं. वाट का सोडली नव्हती, हेही कळलेलं होतं. त्या बघण्यात राग असता तर यशोदाबाईंना सोपं गेलं असतं. पण पुतळाबाई नुसती वाट बघत होती. यशोदाबाईंनी मांडीवरच्या पर्सचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"यंदा चीक जास्त झाला व्हता," पुतळाबाई म्हणाली.

यशोदाबाईंचंच वाक्य. फक्त बोली तिची.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "मला जे दिसलं ते मी लिहिलंय. वस्तीची माणसं रस्ता मागणारच. पण सोसायटीतल्या एकानं जरी सांगितलं की ही वाट रोजची आहे, तर मी हा कागद बाजूला ठेवतो आणि पुन्हा येऊन बसतो. आहे कुणी?"

पंखा फिरत होता. रंगनाथराव भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होते. लताबाईंनी पदरानं घाम टिपला. यशोदाबाईंच्या जिभेवर वाक्य तयार होतं, चार शब्दांचं, 'रोज जातात हो, साहेब'. ते उच्चारलं असतं तर काय झालं असतं? नवरा महिनाभर बोलला नसता. हळदीकुंकवाला बायकांनी तोंडं फिरवली असती. घराला मिळणारा पट्टा गेला असता. एवढंच. त्याहून जास्त काहीही झालं नसतं, आणि हे त्यांना त्या खुर्चीवर बसल्या बसल्या स्पष्ट दिसत होतं. तरी त्या बोलल्या नाहीत.

साहेबांनी सही केली. रस्ता वगळला.

बाहेर पायऱ्यांवर सहादू पुतळाबाईला काहीतरी चिडून बोलत होता. ती चपला शोधत होती. यशोदाबाई तिच्या शेजारून गेल्या. इतक्या जवळून, की पदराला पदर लागला. दोघींपैकी कुणीच मान वर केली नाही.

पावसाळ्याच्या आधी खिंडार बुजवलं. पट्ट्याचे तुकडे पडले, तारा लागल्या. रंगनाथरावांनी त्यांच्या वाट्याला मोगरा लावला, पेरूचं झाड लावलं, आणि आल्या-गेल्याला ते बाग दाखवायचे. "ही सगळी हिची अक्कल बरं का," असं वर सांगायचे. पाहुणे कौतुक करायचे. यशोदाबाई तेवढ्यात चहाचं निमित्त काढून आत जायच्या. मोगऱ्याची फुलं त्यांनी कधी माळली नाहीत. का माळत नाही, असं रंगनाथरावांनी एकदा विचारलं. वास डोक्यात जातो, म्हणाल्या.

त्या पावसाळ्यात नाला भरून वाहत असताना एकदा त्या गच्चीवर कपडे काढायला गेल्या. पलीकडच्या काठावर डोक्यावर हंडे घेऊन बाया पाणी ओसरायची वाट बघत उभ्या होत्या. यशोदाबाई पुन्हा पावसाळ्यात गच्चीवर गेल्या नाहीत. कपडे व्हरांड्यात वाळायला लागले आणि त्यांना कुबट वास यायला लागला.

दुसऱ्या वर्षी चैत्रात बागेमुळे खाली जागा उरली नव्हती, म्हणून वाळवण गच्चीवर घातलं. पुतळाबाई आली नाही. निरोप पाठवायचं धाडस कुणाला झालं नाही. यशोदाबाई स्वतःच काठी घेऊन बसल्या. कावळ्यांनी त्यांना अजिबात जुमानलं नाही.

कुरडया खडखडीत वाळल्या तेव्हा त्यांनी एक डबा भरला. दरवर्षीच्या दुप्पट. मोलकरणीच्या हाती देता आला असता. पण त्या स्वतः निघाल्या, रंगनाथराव बँकेत गेल्यावर. नाक्यावरून उतरल्या, नाल्याच्या कडेनं चालायला लागल्या. वाट अशी नव्हतीच. बाभळीचे काटे, घसरडी माती, उकिरडे, कुत्री. पुलाशी पोचेपर्यंत चप्पल तुटली. ती हातात धरून, दुसऱ्या हातात डबा सांभाळत, रणरणत्या उन्हात त्या वस्तीत शिरल्या. दारादारातून माणसं बघत होती. मैनानं त्यांना ओळखलं आणि आजीचं घर दाखवलं.

पुतळाबाई सुपात तांदूळ निवडत होती. उठली, पोतं झटकून अंथरलं, बसा म्हणाली. माठातून पेला भरून आणला. स्टीलचा, घासूनपुसून लख्ख, बहुतेक घरातला सगळ्यात चांगला. पाणी कुठून आलं असेल ते यशोदाबाईंनी आत्ताच पायांनी मोजलं होतं. कोनाड्यातली जर्मनची वाटी त्यांच्या डोळ्यांसमोर आली. पाणी सगळं प्याल्या. थेंबभरही टाकावंसं वाटेना.

"एवढ्या लांबून कशाला आल्या, बाई," पुतळाबाई म्हणाली. मनापासून म्हणाली, टोमणा नव्हता.

"तुमचा डबा राहिला होता," यशोदाबाई म्हणाल्या. 'तुमचा' हा शब्द त्यांनी तिच्याशी बोलताना पहिल्यांदाच वापरला, आणि तो इतका उशिरा आल्यामुळे स्वतःलाच खोटा वाटला.

पुतळाबाईनं डबा उघडला. एक कुरडई उन्हाकडे धरून बघितली. छान झाल्यात म्हणाली. कुरडया टोपलीत काढून ठेवल्या, डबा पुसला, आणि रिकामा डबा परत देऊ नये म्हणून त्यात मूठभर साखर घातली. झाकण लावून पुढे केला. एवढं सगळं रीतीनं झालं, आणि आता उठायचं तेवढं राहिलं. यशोदाबाईंना वाटलं, आत्ता नाही विचारलं तर कधीच नाही.

"त्या दिवशी साहेबांना तुम्ही खरं का नाही सांगितलं? वाट मुद्दाम सोडली नव्हती, हे ठाऊक होतं ना तुम्हाला?"

पुतळाबाईनं सुपातला एक खडा काढून दाराबाहेर टाकला.

"मी सांगितलं असतं तर तुमच्या मंडळींनी मला खोटी पाडली असती," ती म्हणाली. "अन् तुम्ही बसल्या व्हत्या ना समोर. म्हटलं, बाई सांगतील. म्हणून थांबले व्हते मी."

यशोदाबाईंनी डबा उचलला आणि त्या दाराबाहेर आल्या.

समोर, जेमतेम घरापुढच्या अंगणाएवढ्या अंतरावर, सोसायटीची भिंत होती. बुजवलेल्या खिंडाराचे दगड अजून नवेच दिसत होते. भिंतीवरून त्यांची स्वतःची गच्ची दिसत होती, तिथे वाळत घातलेली त्यांचीच हिरवी साडी दिसत होती. घरात मोलकरणीनं कुकर लावला असावा. शिट्टी झाली, ती इथे स्वच्छ ऐकू आली.

"नाल्यापर्यंत येते तुमच्यासंगं," पुतळाबाई मागून म्हणाली. "तुम्हाला वाट नवी हाय."

आणि ती पायात चपला सरकवून पुढे चालायला लागली. कुठे काटा आहे, कुठे पाय घसरतो, ते दाखवत. यशोदाबाई साखरेचा डबा छातीशी धरून तिच्यामागून जात राहिल्या.